परडीतलं उष्टं

"मावशी, जरा करून दाखवा ना, त्या बायका भीक कशी मागतात ते."

घाटकोपरच्या एका सोसायटीचा हॉल. नवरात्रातल्या नाचाची तालीम चालली होती. हे ज्या म्हणाल्या, त्या ताईंकडे मी एकोणीस वर्षं पोळ्या करत होते. त्यांच्या गळ्यात माझ्या आईची कवड्यांची माळ होती. हातात तिचीच वेताची परडी.

आणि मी करून दाखवलं. हे आधीच सांगते, म्हणजे पुढं मला कुणी शूर समजायला नको. पदर खोचला, परडी हातावर घेतली, "आई राजा उदो उदो" म्हटलं. सात-आठ बायका होत्या. लगेच मोबाईल वर झाले. एक म्हणाली, "एकदम ओरिजिनल आहे यार." दुसरीनं हातातलं अर्धं खाल्लेलं सँडविच परडीत टाकलं. "घे गं बाई, जोगवा."

सगळ्या हसल्या. ताईसुद्धा.

परडीत उष्टं.

आम्ही धाराशिवकडचे. आई विक्रोळीत बांधकामावर विटा वाहायची. पोट त्यावर चालायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी कामावरून आली की अंघोळ करून देवीची माळ घालायची, परडी घ्यायची आणि पाच घरी जोगवा मागायची. पाचच. पाचांनी दारं लावली तरी सहाव्या दारात उभी राहायची नाही. मिळालेल्या पिठाची भाकरी आधी देवीपुढं, मग आमच्या ताटात. याला ती भीक म्हणत नव्हती. व्रत म्हणायची. परडी कधी जमिनीला टेकू दिली नाही तिनं.

तिसरीत असताना एकदा मी तिच्याबरोबर गेले. दार उघडलं ते माझ्याच वर्गातल्या मुलीनं. तिच्या आईनं हात उंच धरून वरून पीठ सोडलं. अर्धं परडीत, अर्धं माझ्या केसांत. दुसऱ्या दिवशी वर्गात माझं नाव 'पिठवाली' पडलं. शाळेतल्या बाई हजेरी घेताना तोंड दाबून हसायच्या. चौथी झाली आणि मी शाळा सोडली. आईला म्हणाले, "गळ्यात माळ असली की मला रस्त्यात हाक मारू नको." तिनं मारली नाही. मरेपर्यंत नाही.

ती गेली तेव्हा माझा मुलगा तान्हा होता. घरातल्यांनी सांगितलं, माळ आता तू घे. घेतली. घातली नाही. माळ आणि परडी पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी घातली, वर जुन्या साड्या टाकल्या. मुलालाही कधी दाखवली नाही.

मग ती त्या हॉलमध्ये पोचली कशी? मीच नेली, परडीसकट. मी पोळ्या लाटत होते आणि ताई फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, बाजारात सगळ्या प्लास्टिकच्या कवड्या, खरी माळ कुठं मिळतच नाही. मी म्हणाले, "माझ्याकडे आहे." एकोणीस वर्षांत माझ्या घरातली वस्तू त्यांना पहिल्यांदाच हवी होती. मला बरं वाटलं. ते बरं वाटणंच आता जास्त टोचतं.

परडीतलं ते सँडविच मी उचललं, हॉलच्या खिडकीच्या कठड्यावर ठेवलं. परडी पदरानं पुसली. मग म्हणाले, "ताई, माळ काढा."

"अहो मावशी, गंमत केली तिनं. परवा कार्यक्रम आहे, आता कुठून आणू मी दुसरी?"

"काढा."

"आम्ही तर तुमच्याच संस्कृतीला मान देतोय ना?"

"मला चहा वेगळ्या कपात देता. तो कप तुमच्या कपांत मिसळला तर सगळे पुन्हा घासायला लावता. माझी माळ कशी चालली गळ्यात?"

ताईंनी माळ काढायला हात मानेमागे नेले. माळेचा दोरा त्यांच्या केसांत अडकला होता. मी घाई केली नाही. एकेक केस सोडवला. एकही कवडी तुटू दिली नाही. त्या मान खाली घालून उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "उद्या येताय ना?"

"नाही."

घरी आले आणि दारासमोरच्या भिंतीत खिळा ठोकला. माळ टांगली. परडी शेजारी फळीवर. मुलगा कामावरून आला तो बघतच राहिला. रविवारी मुलुंडहून पाहुणे यायचे आहेत, माझ्या नातीला बघायला.

"आई, हे काय?"

"तुझ्या आजीचं आहे. जोगवा मागायची ती."

त्यानं दार लावून घेतलं. मग म्हणाला, "रविवारपुरतं आत ठेव. नंतर लाव परत."

"का?"

"लोक काय समजतील? चांगलं स्थळ आहे गं. वाट लागेल सगळ्याची."

"लागू दे."

तो जेवला नाही. मी जेवले.

देवी आहे की नाही, मला ठाऊक नाही. माळ मी घालणार नाही. तेवढी श्रद्धा माझ्यात नाही, आणि नसताना घालून मिरवायचं तर मग मी आणि त्या हॉलमधल्या बायका एकच. पण माझी आई होती. तिला मी डोळ्यांनी पाहिलंय. तिला एवढी वर्षं ट्रंकेत कोंडली ती वरून पीठ सोडणाऱ्या बाईनं नाही. मी.

रविवारी पाहुणे समोर बसतील. त्यांची नजर भिंतीकडे गेली तर सांगणार, माझी आई जोगवा मागायची. नाही गेली तरी सांगणार. चहा यायच्या आधी सांगणार, म्हणजे ज्यांना उठायचं असेल त्यांना उठता येईल.