आप्पांचा कोरा चहा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. पोराला नाही, लेकीला नाही, अंबाबाईपुढं उभी राहूनसुद्धा नाही. तिथंही मी दुसरंच काहीबाही मागून परत यायची. आता तुम्ही म्हणाल, मग आम्हालाच का? तुम्ही माझ्या घरातले नाही, म्हणून. घरातल्यांच्या तोंडाकडं बघून हे बोलवत नाही.

आमच्या ह्यांना पोरं आप्पा म्हणायची, पुढं मीही तेच म्हणायला लागले. दोन म्हशी, एक सायकल आणि हा माणूस, एवढाच आमचा संसार. आमच्याकडं कट्ट्यावर म्हैस उभी करून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढतात. पेला पुढं करायचा, फेसासकट दूध प्यायचं, मिशा पुसायच्या आणि कामाला लागायचं. सगळ्यांचं झालं की शेवटचा पेला आप्पांचा. डोळे मिटून प्यायचे. तेव्हा त्यांच्या तोंडावर जे सुख असायचं, ते मी आमच्या लग्नातही बघितलं नव्हतं. हसू नका, खरं सांगते.

खरेपणाचं तर विचारू नका. गल्लीत भांडण झालं की आप्पा म्हणतील ते खरं. आणि मला, आता सांगतेच, मला त्या खरेपणाचा राग यायचा. अशा माणसाची बायको होणं सोपं असतं का? जग त्याला हात जोडतंय आणि घरात पोरांच्या वाटीत दूध तळाला. एकदा मी म्हणाले, धाकटीला जरा जास्त ठेवा की. तर म्हणे, "आधी रतीब, मग आपण." वाईट नाही बोलले. पण मला लागलं ते.

संध्याकाळची धार घरच्या गोठ्यात निघायची. ते दूध गाळून किटल्या भरायचं काम माझं, घरोघरी पोचवायचं त्यांचं. भरलेल्या किटलीचं झाकण उघडून त्यांनी कधी बघितलं नाही. बायकोनं भरलेली किटली, त्यात बघायचं काय?

तुमच्या लक्षात आलं असेल. पण थांबा — मलाच सांगू दे. त्यात मी पाणी घालत होते. अर्धा तांब्या दूध बाजूला, अर्धा तांब्या पाणी आत. पहिल्यांदा धाकटीच्या तापाचं निमित्त झालं. ताप चार दिवसांत उतरला. पाणी मी पुढं सहा महिने घातलं. पोरीचं नाव पुढं करता येईल, पण मला माहीत आहे ना — ओतताना मला बरं वाटायचं. घ्या तुमचं खरं दूध, असं काहीतरी.

मग एका सकाळी रतिबाच्या घरातले एक म्हातारे गुरुजी कट्ट्यावर चारचौघांत म्हणाले, "आप्पा, हितलं दूध येगळं आन् घरात येतंय ते येगळं. त्यात पाणी हाय." आप्पांनी शेवटचा पेला तोंडाला लावलाच होता. तो खाली ठेवला. म्हणाले, "पाणी कुठनं आलं ते ज्या दिवशी मला कळंल, त्या दिवशी दूध पिईन."

घरी आले, पाय धुतले, झालेलं सगळं मला सांगितलं आणि कोरा चहा मागितला. मी चहा टाकला. दुसरं काय केलं? काहीच नाही. त्या संध्याकाळपासून पाणी घालणं तेवढं बंद केलं.

माझ्या दिरानं त्यांना विचारलं होतं, घरात चौकशी केलीस का म्हणून. मी दाराआड होते. आयुष्यात एकदाच आप्पांचा आवाज चढलेला ऐकला. "आमच्या हिचं नाव काढायचं न्हाय." त्याच्यापेक्षा मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

कट्ट्यावर ते दुसरी म्हैस न्यायचे, म्हणून संशय मग घरी राहणाऱ्या म्हशीवर गेला. चंद्री तिचं नाव, त्यांची लाडकी. वडगावच्या बाजारात नेऊन विकली, आणि घेणाऱ्याला आधीच सांगितलं की हिचं दूध पातळ निघतंय. मुकं जनावर माझ्यापायी बदनाम झालं.

पंधरा दिवसांनी गुरुजी स्वतः घरी आले. म्हणाले, दूध चंद्री जायच्या आधीपासनंच झकास हाय, सोडा की हट्ट. आप्पा हसले. "थांबलं व्हय, पण आलं कुठनं ते कळलं न्हाय की."

पस्तीस वर्षं. दूध, दही, ताक, काही नाही. ज्याच्या हाताला रोज धारेचा वास, त्यानं थेंब चाखला नाही. नातीच्या बारशाला बासुंदी केली; पंगतीत आग्रह करकरून वाढली आणि स्वतः आमटी-भातावर उठले. कुणाला दोष दिला नाही, कधी तोंड वाकडं केलं नाही. मी बघत राहायची. सुरुवातीला भीतीनं, मग लाजेनं, आणि पुढं पुढं तर देव्हाऱ्यापुढं बसल्यासारखी. असा माणूस माझ्या वाट्याला आला कसा? आणि मी त्याच्या वाट्याला का आले?

नातवंडांना वाटायचं, आज्जाला कोरा चहाच आवडतो. मी त्यांना तेच वाटू दिलं.

शेवटच्या आजारात अंगात काही राहिलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, पेलाभर दूध तरी पोटात जाऊ दे. पोरगा शिरोलीच्या कारखान्यातून रजा काढून उशाशी बसलेला, गयावया करायचा. आप्पा त्याला म्हणाले, "सांगणारं कोण आलं का रं?" आणि हसले. पोरगा रडत बाहेर गेला. खोलीत आम्ही दोघंच. पेला माझ्या हातात होता, दूध कोमट होतं. एक वाक्य, बाई, एकच वाक्य. तोंड उघडलं मी. आणि विचारलं, "पांघरूण घालू का?"

"घाल," म्हणाले.

चार दिवसांनी गेले.

तिसऱ्या दिवशी पंचगंगेवर रक्षाविसर्जन. प्रत्येकानं त्यांच्या आवडीचं काही ना काही आणलेलं. नातीनं थर्मासमधून कोरा चहा आणला होता. त्यांच्याच स्टीलच्या पेल्यात ओतून तिनं तो पानाशेजारी ठेवला. सगळे मागं सरले. कावळा लगेच शिवला, एवढीसुद्धा वाट बघावी लागली नाही. दिरानं हात जोडले. म्हणाला, "वैनी, दादाची इच्छा म्हणून काय सुदिक राहिली न्हाय बघा."

सगळे माझ्याकडं बघत होते. मी मान डोलावली.