बोट लावून मोजा

पर्लिता बाई फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या शाळेत हळू शिकणाऱ्या मुलांना आकडे शिकवत. एकदा मुख्याध्यापक कास्त्रो सर भर पालकसभेत खिदळले, "बाईंच्या पोरांना बोट लावल्याशिवाय सातसुद्धा मोजता येत नाहीत!" बाईंनी तो राग चार वर्षं जपला आणि सुंका या कवड्यांच्या खेळाच्या खळगेवाल्या पटावर, एकेका कवडीला बोट लावूनच, मुलांना मोजायला शिकवलं.

यंदा गावजत्रेत त्यांनी मुद्दाम आपल्या वर्गातल्या निम्फाला सरांसमोर खेळायला बसवलं. सुंकात प्रत्येक खळग्यात एकच कवडी टाकायची. सरांनी घाईघाईत एका रिकाम्या खळग्यात दोन सोडल्या. निम्फाने त्यांचं मनगटच धरलं.

"सर, दोन टाकल्यात!"

"छे गं, एकच आहे!"

गर्दी पुढे सरकली. बाई गोड हसल्या.

"मोजा ना, सर. बोट लावून मोजा. आम्हाला घाई नाही."