सर्व लोकांना कळो

'व्हेअरॅज', म्हणजे 'ज्याअर्थी', नसलेला करारनामा तुम्ही कधी पाहिलाय का? मी तरी नाही. पन्नास सालानंतर मी मॅट्रिक होऊन चांद्याच्या एका वकीलसाहेबांकडे टाइपिस्ट होते. तिथले किस्से कार्बनच्या डागांसारखे. बोटाला कधी लागले कळलं नाही, पण निघत मात्र नाहीत!

एकदा मी साहेबांना विचारलं, "'हिअरइनआफ्टर' म्हणजे काय हो?"

"इथून पुढे."

"मग सोपा शब्दच लिहू या ना!"

"बाई, सोपं लिहिलं तर पक्षकार घरीच वाचेल. मग माझ्याकडे कोण येईल?"

*

'अफोरसेड' म्हणजे 'वर सांगितलेला'. आरमोरीच्या एका शेतकऱ्याच्या कागदात तो फार वेळा आला, म्हणून मी तीन ठिकाणी गाळला. त्याला इंग्रजी अक्षर येत नव्हतं. पण वडिलांचा जुना कागद शेजारी ठेवून, ओळींवर बोट फिरवत तो म्हणाला, "बाई, बाबाच्या कागदात हा शब्द सात डाव हाय. माह्या कागदात चारच काऊन? वावर त तेवढंच हाय!"

सगळा कागद पुन्हा टाइप केला!

*

मूल गावाकडचे झिंगरूभाऊ ढिवर. गावतळ्यात त्यांच्या घरची मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, पण नुसत्या शब्दावर. त्या वर्षी शहरातल्या एका ठेकेदाराने उद्या जाळी टाकतो म्हणून निरोप पाठवला. भाऊ घाबरून तळ्याच्या मालकालाच घेऊन आले. मासेमारी भाऊंच्याच घराची, असा करारनामा झाला, सही झाली.

"साहेब, पयल्या ओळीत काय लिवलं?"

"'नो ऑल मेन बाय दीज प्रेझेंट्स.' या कागदाने सर्व लोकांना कळो."

"मंग कळवाचं कोनं?"

साहेब हसले. "कोणीच नाही, भाऊ. तीनशे वर्षं असंच लिहितात."

"लिवाचं, अन् सांगाचं नाई? हे त लबाडी झाली!"

भाऊ माझ्याकडे वळले. "बाई, मले हे मराठीत लिवून दे. पुरं."

मी 'सर्व लोकांना कळो'पासून शेवटच्या साक्षीदारापर्यंत सगळं लिहून दिलं. ते घेऊन भाऊंनी संध्याकाळची मोटार पकडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोतवालाने डफडं वाजवलं, गुरुजींनी तळ्याच्या पाळीवर सगळ्या गावासमोर तो कागद वाचून दाखवला, आणि ठेकेदाराची जाळी बैलगाडीतून खाली उतरलीच नाहीत.