संजीवनीचं मौनव्रत

उंद्रीच्या संजीवनीला पुण्याच्या कुण्या बाईंनी मोबाइलवरच्या शिबिरात सांगितलं, की लेखिकेने रोज सकाळी डोळे मिटून बसावं आणि मनात संकल्प धरावा: आजचा पहिला प्रहर माझा. सोबत सुगंधी मेणबत्ती आणि खिडकीबाहेर थोडी हिरवळ असावी. मेणबत्ती घरात होती, लाईट गेल्यावरची. हिरवळही होती; सोयाबीनच ते, आणि त्यातलं तण तिचीच वाट पाहत होतं.

पण गरज खरी होती. एका दिवाळी अंकाने पहिल्यांदाच तिच्याकडे कथा मागितली होती, श्रावण संपायच्या आत. कथा अर्ध्यावर अडकलेली. ही संधी गेली तर पुन्हा कोण विचारतंय, या धास्तीनं तिला घास गोड लागेना.

पहिल्या सकाळी ती डोळे मिटून बसते न बसते तोच नवरा आला, राजकुमार. "तब्येत बरी नाई काय वं?" तिने संकल्प सांगितला. माणूस मोठ्या मनाचा. "बस की," तो म्हणाला, "फक्त चहा ठेव आन् मंग बस." दुसऱ्या दिवशी मेथीच्या जुड्या बांधायच्या होत्या, आणि चिखलीच्या बाजाराची जीप कोणाच्या संकल्पासाठी थांबत नसते. मग गॅस संपला, मग नणंद आली. संकल्प रोज सकाळी सुटायचा आणि रोज दुधाबरोबर उतू जायचा.

सोमवारी शेजारच्या जनकाबाई साखर मागायला आल्या. डोळे मिटलेली संजीवनी दिसताच त्यांनी चपला बाहेरच काढल्या आणि तिच्या सासूला, झुंबरबाईंना, हळूच विचारलं, "सुनेनं मौन धरलं काय वं?"

नाही म्हणावं तर तोंड उघडावं लागणार. संजीवनीने उघडलं नाही. लबाडी म्हणा हवी तर.

आणि काय सांगावं, लिहायला ज्या घरात कोपरा मिळत नव्हता तिथे देवासाठी आख्खी खोली मिळाली. संजीवनीने डोळे उघडून वही पुढ्यात ओढली; राजकुमारने टीव्ही बंद ठेवला. जुड्या झुंबरबाईंनी बांधल्या, चहाही त्यांनीच केला. जनकाबाई येता-जाता उंबऱ्याला हात लावायच्या आणि गल्लीत सांगायच्या, "नामजप लिहून राह्यली, माय." त्या जपातली बाई तेव्हा नवऱ्याचं घर सोडून निघाली होती.

कथा वेळेत गेली. दुसऱ्या सकाळी झुंबरबाई जवळ येऊन टेकल्या. "उद्यापन कवा करतं?"

मेथी बांधून हिरवी झालेली सासूची बोटं पाहून संजीवनीला लाज वाटली. "आत्याबाई, व्रत नव्हतं. मी कथा लिहून राह्यली होती."

"मले का दिसत नाई? देवाच्या नावात कोणी एवढी खाडाखोड करते काय?"

"मंग बोलल्या काऊन नाई?"

"बोलली असती तं तुले उठा लागलं असतं." झुंबरबाईंनी बोटं पदराला पुसली. "उद्यापन करू नको. या घरात आल्यापासून मले सकाळी कोणी गुपचूप बसू देलं नाई. सरक जराशी."

त्यांनी भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. संजीवनीनेही मिटले.

थोड्या वेळाने राजकुमार दारात आला. त्याने दोघींकडे पाहिलं, मग गॅसकडे पाहिलं.

"मंग चहा कोण करन?"

दोघींचंही मौन होतं.