तळाला बसलेली पूड

मिठाचा सत्याग्रह झाला त्याच्या आदल्या वर्षी माझ्या सासूबाईंच्या पोटात गाठ झाली. उरणच्या डॉक्टरांनी तपासलं. गाठ जाणार नाही, कळा तेवढ्या कमी करता येतील, म्हणाले. बाटलीत त्यांनी अफूच्या अर्काचं पाणी भरलं आणि डोकेदुखीवर देतात ती पांढरी पूड त्यात टाकली. एकट्या अफूने भागत नाही, दोन्ही मिळून कळ आवरतात, हेही सांगितलं. डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवून बजावलं, "हलवून द्या."

हलवून कोण देणार? सासूबाईंचा जन्म मिठागरावर गेलेला. खारं पाणी कोंडीत, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यात घ्यायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं नितळ तेवढं पुढच्या कोंडीत सोडायचं. कोणी पाणी ढवळलं की त्या त्याचा उद्धार करत. औषधही त्या स्वतःच्या हाताने वरचं नितळ तेवढं ओतून घेत. "गढूळ करून कोन पितंय? डागदरला काय ठावं!" उरलेला गाळ फेकून बाटली धुवायची, हे काम माझं.

गुंगी यायची, पण कळा थांबेनात. अंगाला हात लावलेला खपेना. एवढी तोंडाळ बाई, पण भांडायचंही सोडून दिलं, आणि मला त्याचीच भीती वाटे. घरातले म्हणू लागले, अफू वाढवून आण. मी वैतागून बाटली न धुताच उचलली आणि दवाखाना गाठला.

"अफू वाढवली तर श्वास बंद पडेल त्यांचा," म्हणत डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली. "आणि हे तळाला काय?"

"गाळ हाय."

"अगं बाई, ती पूड आहे! विरघळत नाही म्हणून तर हलवायचं." सासूबाईंची रीत सांगितली तेव्हा ते कपाळाला हात लावून बसले.

घरी सगळं समजावलं, पण सासूबाई ढिम्म. "गाळ न्हाय पिनार." शेवटी मीच चिडून म्हटलं, "आये, शेवटच्या कोंडीत तळाला काय बसतंय? गाळ का मीठ?"

त्यांनी माझ्या हातातली बाटली ओढून घेतली आणि स्वतःच हलवली.

गाठ होती तिथेच राहिली. पण चार दिवसांनी त्यांनी आपणहून न्हाऊ घालायला सांगितलं. पाठीवरून हात फिरवला तरी अंग चोरलं नाही. मग एकदम ओरडल्या, "पानी किती गार गो! सून हायस का वैरीन?"

इतक्या दिवसांनी त्यांची बोलणी खाल्ली आणि मला रडू कोसळलं. त्यांच्या ओल्या पाठीवर मी डोकं टेकलं, आणि त्यांनी ते टेकू दिलं.