मामाचा ओळंबा

माझा मामा माझा उस्ताद होता आणि सासराही. बाप लवकर गेला म्हणून मामानं मला बेंबळीला आणलं, हातात गवंड्याची थापी दिली, पुढं स्वतःची लेकही दिली. त्यामुळं त्याच्याविषयी वाकडं बोलताना जीभ अडखळते. पण आता बोलतो. इतकी वर्षं पोटात ठेवून मला काय मिळालं?

निजामाचा अंमल होता. सरकारी बांधकामावर पक्का मिस्तरी व्हायचं तर इम्तिहान द्यावा लागे. पास झालं की सनद, आणि सनदवाल्याला नळदुर्गाकडं कामाबरोबर राहायला एक खोली. मला सनदेपेक्षा ती खोली हवी होती. लग्नाला सहा वर्षं झाली तरी मी घरजावईच होतो. जेवायला बसलो की मामानं हात धुतल्याशिवाय उठायची सोय नव्हती. वेगळी चूल मांडायची, एवढंच आम्हा नवराबायकोचं ठरलेलं होतं.

मामाला सनद नव्हती. तो एकदा जाऊन आला होता, पण उर्दूतले सवाल कळले नाहीत म्हणून परत पाठवला. ते सवाल मात्र त्याला तोंडपाठ होते. त्यानं गावातल्या मौलवीसाहेबांकडं जाऊन एकेकाचा अर्थ विचारून घेतला आणि मला घोकायला लावला. तीन महिने मी घरामागं रोज पुरुषभर उंचीचा कोपरा मातीच्या गाऱ्यात उभारायचो आणि दिवस मावळायच्या आत पाडायचो. मामा बाजेवर बसून म्हणायचा, "वीट भिजली न्हाय. पाड." मी पाडायचो. शिकवण्यात त्यानं हात आखडला नाही, हे मी शपथेवर सांगेन. म्हणूनच तर पुढचं जास्त झोंबलं.

निघायच्या दिवशी बायकोनं माझं हत्यारांचं गाठोडं बांधलं. मी उंबऱ्याबाहेर पाय टाकणार तोच मामा पुढं आला. हातात त्याचा स्वतःचा ओळंबा, पितळी गोळ्याला हळदकुंकू लावलेलं. आमच्यात इम्तिहानाला जाणाऱ्याला उस्ताद आपला ओळंबा देतो. तो तपासायचा नसतो. एरवी कुठलाही ओळंबा घेतला की दोरीवरचं लाकूड आणि खालचा गोळा फळीवर शेजारी ठेवून जाडी एक आहे ना बघतात, नाहीतर भिंत कलते. उस्तादाच्या ओळंब्याला असं करणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. मी पाया पडलो, गाठोडं सोडलं, माझा ओळंबा काढून खुंटीला अडकवला.

"ऱ्हाऊ द्या की दोनी," बायको दारातून म्हणाली.

"उस्तादाचा असताना दुसरा कशाला? अक्कल हाय का तुला?" मी तिच्यावर डाफरलो. ती आत गेली.

नळदुर्गात सवाल-जवाब झक्कास झाले. इम्तिहान घेणारे दरोगासाहेब हैदराबादचे, पिकल्या दाढीचे, मान डोलावत होते. मग कोपरा बांधला. दर थराला ओळंबा लावला, गोळा भिंतीला नुसता शिवत होता. माझ्या जन्मात मी इतकी नेटकी भिंत बांधली नव्हती. साहेबांनी आपला ओळंबा काढून लावला. गोळा भिंतीपासून लांबच लोंबत राहिला.

"दो सूत बाहर," ते म्हणाले. वरचा थर पाव इंच पुढं झुकला होता.

मी माझ्या हातातला लावून दाखवला. साहेबांनी तो मागून घेतला, फळीवर लाकूड आणि गोळा शेजारी ठेवले. लाकूड बारीक होतं. त्यांनी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, अंगठा काळा झाला, आणि खाली नुकतंच घासलेलं पांढरं लाकूड दिसलं. घासलेल्या जागी कुणीतरी काजळ फासलं होतं.

"औजार तुमारा, दीवार तुमारी," साहेब म्हणाले. "अगले साल आव."

मी बेंबळीला परतलो. घरी मामा ओट्यावर बसला होता. मी ओळंबा त्याच्यापुढं ठेवला.

त्यानं लाकडाकडं पाहिलं. "लाकूड हाय. झिजतंय."

"झिजल्या लाकडाला काजळ कोण लावतंय, मामा?"

तो उठला, धोतर झटकलं आणि शेताकडं निघून गेला. मी गेलो तर त्याच्या भिंती कोण उभारणार, एवढंच त्यानं पाहिलं होतं. मला त्याचा भयंकर राग आला. पण खरी आग अजून लागायची होती. घरात काजळ घालणारी एकटी माझी बायको होती.

ती चुलीपुढं भाकरी थापत होती. मी विचारलं, "तुला ठावं हुतं?"

"डबी सांडलेली दिसली. बाबांची बोटं काळी हुती." तिनं मान वर केली नाही. "म्या तुमचा वळंबा गाठोड्यात घातला हुता. त्यो तुमीच काढला."

"मला सांगायला तोंड नव्हतं?"

"बाप हाय त्यो माजा."

वेगळी चूल हिलाही हवी होती ना? मग नवरा दीड दिवसाच्या वाटेवर तोंडावर पडायला निघाला, तेव्हा ही भाकरीच थापत बसली? रात्री जेवताना मी ताट सरकवून उठलो. मामानं हात धुवायची वाट पाहिली नाही.

पुढच्या साली मी पुन्हा गेलो आणि सनद घेऊनच आलो. नळदुर्गात खोली मिळाली, चूल मांडली. बायको त्या चुलीपुढं पहिल्या दिवशी रडली, ते बापासाठी की आमच्यासाठी, मी विचारलं नाही.

पण सांगायचं ते त्या आधीचं. दुसऱ्यांदा निघालो तेव्हाही गाठोडं तिनंच बांधलं होतं. मी ते तिच्यादेखत सोडलं. थापी बघितली, गुण्या बघितला, माझ्याच ओळंब्याचं लाकूड आणि गोळा फळीवर शेजारी ठेवून जाडी बघितली. मग पुन्हा बांधलं. ती दाराला टेकून बघत होती. पुढं मी कामाला होतो तोवर तिनं माझं गाठोडं कधी बांधलं नाही, आणि मीही तिला बांध म्हणालो नाही.