हळद कुवेतला गेली तेव्हा

हिंगोली स्टेशनावर पूर्णेची गाडी लागली, तेव्हा माझ्या वडिलांनी, अण्णांनी, माझी पत्र्याची ट्रंक आत ठेवली आणि खिडकीपाशी येऊन उभे राहिले. शेजारची मथुरामावशीही आली होती. तिनं आपल्या शेतातल्या हळकुंडांची पिशवी माझ्या हातात दिली. "तिकडच्या माणसायला दाखव, आमची हळद कशी असते ते." अण्णा एवढंच म्हणाले, "गावाचं नाव राख, लेकरा." मी मुंबईमार्गे कुवेतला निघालो होतो. जवळा बाजारच्या अलीकडच्या आमच्या गावातून परदेशी जाणारा मी पहिलाच.

त्याआधी तीन वर्षं मी मुंबईत एका मसाल्याच्या कंपनीत कारकून होतो. देशात तोच माल विकणारे ढीगभर. एकानं भाव पाडला की सगळ्यांना पाडावा लागे. त्याच सुमारास आखातात तेलाचा पैसा आला आणि आपली माणसं तिकडं कामाला जाऊ लागली. शेठ म्हणाले, "माणसं गेली, पण त्यांना जेवण आपलंच लागणार. आपण त्यांच्या मागून जायचं." आधी तिथला एक व्यापारी गाठायचा, नमुना दाखवायचा, पहिला माल चोख द्यायचा आणि जम बसला की स्वतःचं ऑफिस उघडायचं, असा बेत होता. हळदीच्या मुलखातला म्हणून मला निवडलं.

कुवेतचा व्यापारी म्हातारा होता, मुंबईत राहून हिंदी शिकलेला. मावशीचं हळकुंड त्यानं मोडलं, आतला रंग पाहिला, वास घेतला आणि कुठलं म्हणून विचारलं. मी गावाचं नाव सांगितलं. त्यानं ते अरबीत लिहून घेतलं, तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता. पहिला माल गावातूनच गेला आणि हातोहात खपला. मी अण्णांना पत्र लिहिलं, हळद वाढवा, कंपनी सगळी घेईल. माझ्या शब्दावर कितीतरी घरांनी कापूस सोडून हळद लावली.

पुढची मागणी मोठी आली. तेवढा माल गावात तयार नव्हता आणि शेठना थांबायचं नव्हतं. त्यांनी गोदामातली जुनी, दुसरीकडची हळद आमच्या गावच्या नावावर भरली आणि मला गप्प राहायला कळवलं. मी गप्प राहिलो. पोती उघडली तर कुबट वास, आत कीड. म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. "हे कसं झालं?"

आमच्या नव्या ऑफिसची पाटी त्याच आठवड्यात लागली होती. माझी नोकरी, खोली, तिथं राहण्याचा परवाना, सगळं कंपनीच्या हातात. मी म्हणालो, "गावच्या शेतकऱ्यांनी फसवलं. त्यांनीच खराब माल मिसळला." शेठना ते इतकं सोयीचं वाटलं की त्यांनी तेच कागदावर आणलं. गावची खरेदी बंद झाली. ती का बंद झाली, हे हिंगोलीच्या बाजारातही पोचलं.

दोन वर्षांनी सुट्टीवर आलो, तेव्हा त्याचा परिणाम मला दिसला. अण्णा म्हणाले, "व्यापारी गावाचं नाव ऐकतो अन् पोत्यात हातच घालत न्हाई." दुसऱ्या दिवशी मी मावशीच्या अंगणात जाऊन सगळं सांगितलं. ती शेंगा निवडत होती. हात थांबले.

"तुला आमचंच नाव काहून सुचलं?"

मी म्हणालो, "तुम्ही तिथं येऊन मला खोटं ठरवणार नव्हता म्हणून."

तिनं मला चहा दिला. शिव्यांपेक्षा ते मला जास्त लागलं.

परत गेल्यावर मी म्हाताऱ्याला खरं सांगितलं. नोकरी गेली. दुसरी मिळाली, तीही तिकडंच. कुवेतहून त्यानं मुंबईला पत्र पाठवलं, पण हिंगोलीच्या बाजाराला कोण कळवणार? मी स्वतः एकेका दुकानात जाऊन सांगायला हवं होतं. नाही गेलो. गावानं हळद सोडली.

आपल्याकडची जी पोरं माझ्यामागून आखातात आली, त्यांच्या खोलीवर आपापल्या गावाच्या गप्पा निघतात. मी बसतो, ऐकतो. कुणी नवखा विचारतो, काका, तुमचं गाव कोणतं? मी म्हणतो, परभणीकडचा. घर म्हणजे अजूनही तेच एक गाव आहे, दुसरं झालं नाही. पण त्याचं नाव मी एकदा स्वतःला वाचवायला वापरलं. आता ते तोंडातून निघत नाही.